वाचलेलं फक्त 10 टक्के लक्षात राहतं?

‘वाचलेलं 10 टक्के, ऐकलेलं 20, पाहिलेलं 30 आणि स्वतः केलेलं 90 टक्के लक्षात राहतं’ असं सांगणारं त्रिकोणी चित्र वर्षानुवर्षं फिरतंय. हे आकडे कोणत्याही प्रयोगातून आलेले नाहीत. सगळे दहाच्या पटीत, हीच पहिली खूण. मग विचारा: काय वाचलं, कुणी, आणि चाचणी किती दिवसांनी घेतली? विसरणं या सगळ्यावर ठरतं. वाचनाचा असा एकच पक्का आकडा निघूच शकत नाही.

तथ्य एवढंच, की डोकं चालवलं तर जास्त टिकतं. ते वाचतानाही चालवता येतं! करून बघा: एक धडा दोनदा वाचा, तेवढाच दुसरा एकदाच वाचून, पुस्तक मिटून आठवेल ते लिहा. आठवड्याने ताडून पाहा. बहुतेकांना दुसरा जास्त आठवतो.