मागच्या बाजूने वाचायचा मुकुट

बुडापेस्टच्या संसद भवनात, ९६ मीटर उंच घुमटाखाली, काचेच्या पेटीत एक सोन्याचा मुकुट ठेवलेला आहे. वजन दोन किलोच्या आसपास. माथ्यावरचा क्रूस चक्क कललेला. हंगेरीच्या राजचिन्हातही तो तसा कललेलाच काढतात. देशाचा पहिला ख्रिस्ती राजा इश्तवान याला इसवी सन १००० च्या सुमारास पोप दुसरे सिल्व्हेस्टर यांनी हा मुकुट पाठवला, असे तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. म्हणून हा ‘पवित्र मुकुट’.

आता मुकुटाला वळसा घालून मागे जायचे. खालच्या पट्टीवर तिथे मीनाकामातली तीन माणसे दिसतात. मध्ये उंचावर बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याचा सम्राट सातवा मिखाएल दूकास, त्याच्या एका हाताला सहसम्राट आणि दुसऱ्या हाताला हंगेरीचा राजा गेझा. दोघा सम्राटांच्या डोक्यामागे तेजोवलय आहे, गेझाच्या मागे नाही. सम्राटांची नावे लाल अक्षरांत, गेझाचे निळसर. शिवाय गेझाची नजर समोर नाही, ती बाजूला सम्राटाकडे वळलेली. ग्रीक मजकूर म्हणतो, ‘गेझा, तुर्कियाचा निष्ठावान राजा’. कॉन्स्टँटिनोपलचे, म्हणजे बायझंटाइन राजधानीतले लोक हंगेरियनांना तेव्हा तुर्कच म्हणत. भेट द्यायची आणि भेटीतच समोरच्याची पायरी दाखवून द्यायची, हा दरबारी खाक्या इतक्या स्वच्छपणे क्वचितच पाहायला मिळतो.

आणि तारखा? मिखाएल गादीवर होता १०७१ ते १०७८. गेझा राजा होता १०७४ ते १०७७. इश्तवान वारला १०३८ मध्ये. म्हणजे ही पट्टी इश्तवानाच्या डोक्यावर कधी चढलेलीच नाही.

एवढे चित्रांवर का विसंबायचे, थेट सोन्याचेच वय का काढू नये? कारण सोने त्या बाबतीत मुके आहे. कार्बनची कालमापन पद्धत एकेकाळी सजीव असलेल्या पदार्थांनाच लागू पडते. लाकूड, कापड, हाड वगैरे. सोने तर वितळवून पुन्हा पुन्हा वापरले जाते. शिवाय राष्ट्राच्या मुकुटाचा तुकडा कापून प्रयोगशाळेत कोण पाठवू देणार? तेव्हा उरते ते कारागिरीचे निरीक्षण. जयपुरी मीनाकामात सोने कोरून खळगे करतात आणि त्यांत रंग भरतात. बायझंटाइन कारागीर सोन्याच्या अगदी बारीक पट्ट्या पत्र्यावर उभ्या बसवून घरे तयार करत. त्या घरांत रंगीत काचेची पूड भरायची, भट्टीत वितळवायची, ती आकसली की पुन्हा भरायची आणि शेवटी घासून सपाट करायची. पट्ट्या वळवण्याची लकब, काचेचे रंग, अक्षरांची वळणे यांवरून काळ आणि कार्यशाळा यांचा अंदाज बांधता येतो.

वरचा भाग मात्र वेगळ्याच हातचा आहे. एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्यांची ही कमान, तिच्यावर प्रेषितांची, म्हणजे ख्रिस्ताच्या प्रमुख शिष्यांची चित्रे, आणि अक्षरे लॅटिन. प्रेषित बारा असतात, इथे आठच आहेत. दुसऱ्या कुठल्या तरी वस्तूवरून काढून पट्ट्या इथे जोडल्या असाव्यात, असा तर्क त्यावरून केला जातो. माथ्यावर ख्रिस्ताचे चित्र आहे आणि क्रूस बसवण्यासाठी त्याच्या ऐन पोटात भोक पाडले आहे! मूळ कारागिराने हे नक्कीच केले नसते. मागे मिखाएलचे चित्रही कोंदणात नीट बसलेले नाही, खिळ्यांनी ठोकले आहे. तिथे आधी दुसरे काही होते, असे काही संशोधक मानतात. खालच्या पट्टीवरची आलटूनपालटून त्रिकोणी आणि अर्धगोल शिखरे बायझंटाइन सम्राज्ञींच्या मुकुटांवर असत. त्यावरून हा मुळात गेझाच्या बायझंटाइन राणीसाठी आलेला, म्हणजे बाईचा मुकुट, असेही एक मत आहे. मला ते पटण्यासारखे वाटते. दोन्ही भाग कधी जोडले यावर वाद आहे. बरेच जण बाराव्या शतकाच्या अखेरीकडे, कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारात वाढलेल्या हंगेरीच्या तिसऱ्या बेला राजाच्या काळाकडे बोट दाखवतात.

एवढे सगळे असूनही हंगेरीत राजा खरा ठरायचा तो हाच मुकुट डोक्यावर आल्यावर. १४४० च्या फेब्रुवारीत हंगेरीची राणी एलिझाबेथ हिची दासी हेलेने कोटानर हिने विशेग्रादच्या किल्ल्यातून तो चोरला. कुलुपे कानशीने कापली, मुकुट लाल मखमली उशीत शिवला आणि घसरगाडीतून गोठलेली डॅन्यूब ओलांडून राणीकडे नेला. तो पोहोचतो न पोहोचतो तोच राणीला मुलगा झाला आणि बारा आठवड्यांच्या त्या बाळाचा राज्याभिषेकही उरकला. ही हकीकत हेलेनेने स्वतःच लिहून ठेवली आहे. विरोधी सरदारांनी पोलंडच्या राजाला बोलावले आणि संत इश्तवानाच्या अस्थिपात्रावरचा मुकुट काढून त्याला घातला. पण त्याला खऱ्याचे वजन काही आले नाही. खरा मुकुट पुढे पवित्र रोमन सम्राट तिसऱ्या फ्रेडरिककडे अडकला. मात्याश राजाने १४६३ मध्ये तो ८०,००० सुवर्णमुद्रा मोजून सोडवला, तेव्हा कुठे १४६४ मध्ये त्याचा राज्याभिषेक झाला. राजा तो १४५८ पासूनच होता. अठराव्या शतकातल्या हॅब्सबर्ग घराण्याच्या दुसऱ्या जोसेफने तर अभिषेकच टाळला. लोकांनी त्याचे नाव ठेवले ‘टोपीवाला राजा’.

नंतरचा प्रवासही धावपळीचाच. ऑस्ट्रियाविरुद्धच्या हंगेरियन उठावाच्या १८४९ मधल्या पराभवानंतर तो ओर्शोवा गावाजवळ पुरला गेला आणि १८५३ मध्ये सापडला. १९४५ मध्ये रक्षकांनी तो ऑस्ट्रियात तेलाच्या पिंपात घालून पुरला, मग अमेरिकी सैन्याच्या ताब्यात दिला. तिथून तो अमेरिकेतल्या फोर्ट नॉक्स या लष्करी तळावरच्या तिजोरीत गेला आणि ६ जानेवारी १९७८ रोजी मायदेशी परतला. त्यानंतरच हंगेरीच्या अभ्यासकांना तो निवांत, जवळून तपासता आला. क्रूस नेमका कधी वाकला याबद्दल अनेक कथा आहेत. सतराव्या शतकात पेटीचे झाकण घाईने दाबल्यामुळे, ही त्यांतली जास्त ऐकू येणारी.

इश्तवानाची खात्रीची वस्तू हवी असेल, तर मुकुट सोडून राज्याभिषेकाच्या झग्याकडे वळावे लागते. बायझंटाइन रेशमावर सोन्याच्या तारांनी भरलेला हा झगा मूळचा धर्मगुरूचा, घंटेच्या आकाराचा. पुढून उघडा तो नंतर केला. त्यावर मजकूरच भरतकामाने काढून ठेवला आहे: राजा इश्तवान आणि राणी गिझेला यांनी १०३१ मध्ये तो करवून घेऊन सेकेशफेहेरवारच्या चर्चला दिला. भरतकामात खुद्द इश्तवानही उभा आहे, त्याच्या हयातीत काढलेला. त्याच्या डोक्यावर मुकुटही आहे, पण तो संसद भवनातल्या मुकुटासारखा दिसत नाही.