धर्मगुरूचा दुखवटा (ठाणे व नवी मुंबईतील कॅथलिक समाज)

फादर, बिशप (धर्मप्रांताचे प्रमुख) किंवा पोप यांचे निधन झाल्यावर पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या भाविकांनी, एकत्र पाळायचा शोक. या समाजात सुतक नाही. दुखवटा मांडला जातो तो मिस्सेतून (चर्चमधील मुख्य उपासना), रोझरीतून (जपमाळेची प्रार्थना) आणि चर्चच्या घंटेतून.

हा समाज एकजिनसी नाही. ठाण्याच्या जुन्या गावठाणांतील ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळ ख्रिस्ती, कुटुंबे घरी मराठी बोलतात. मासुंदा तलावाजवळचे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च पोर्तुगीज काळातले. वाशी-नेरूळकडची वस्ती सिडकोच्या शहराबरोबर वाढली आणि तिच्यात गोवेकर, मंगळूरकर, मल्याळी असे अनेकजण आहेत. लॅटिन (रोमन) परंपरेचे लोक मुंबईच्या आर्चबिशपांना आपले बिशप मानतात, तर केरळातली सीरो-मलबार ही वेगळी कॅथलिक परंपरा पाळणाऱ्या मल्याळ्यांसाठी १९८८ पासून कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे. त्यामुळे ‘आपले बिशप गेले’ हे वाक्य एकाच इमारतीतल्या दोन शेजाऱ्यांच्या तोंडी वेगवेगळ्या माणसांविषयी असू शकते. पोप मात्र दोघांचेही.

फादर वारले की शवपेटी वेदीसमोर ठेवतात. सामान्य माणसाचे पाय वेदीकडे असतात. फादरचे डोके वेदीकडे आणि तोंड लोकांकडे ठेवण्याची प्रथा आहे. मिस्सा करताना ते जसे लोकांसमोर उभे राहत, तसेच अखेरच्या मिस्सेलाही. फादरला मूलबाळ नसते आणि त्यांची बदली होत राहते, म्हणून जुन्या पॅरिशमधली माणसेही घरचे मयत असल्यासारखी येतात. कधी हा शोक समाजाबाहेरही पसरतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी वारले, तेव्हा ते वसईचे असले तरी हळहळला तो सगळा मराठी वाचक. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. (वसईही २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होती.)

पोपच्या दुखवट्यात समोर देह नसतो. जाणवते ते एका नावाचे जाणे. प्रत्येक मिस्सेच्या मुख्य प्रार्थनेत पोप आणि स्थानिक बिशप यांची नावे घेतली जातात, आडनावाशिवाय. पद रिकामे असेपर्यंत ते नाव गाळतात. २५ जानेवारी २०२५ रोजी कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस निवृत्त झाले आणि ‘ओस्वाल्ड’च्या जागी ‘जॉन’ आले, ते आर्चबिशप जॉन रॉड्रिग्ज. हा बदल जिभेवर रुळतो न रुळतो तोच २१ एप्रिलला पोप फ्रान्सिस गेले. बारा वर्षे रोज ऐकलेले नाव प्रार्थनेतून वगळले गेले. जुन्या भाविकांच्या दृष्टीने खरा दुखवटा हाच, असे म्हणायला हरकत नाही. फोटोपुढचा हार आणि मेणबत्ती त्यानंतर.

२१ एप्रिल हा ईस्टरचा, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाचा, सोमवार होता, आणि ईस्टरनंतरचा आठवडा सणाचाच धरला जातो. वस्त्रे पांढरी, गाण्यांत आलेलुया हा आनंदाचा जयघोष, आणि त्याच वेदीपुढे मृतासाठी प्रार्थना. बाहेरच्याला हे विसंगत वाटते. पुनरुत्थानावर श्रद्धा असणाऱ्याला तितके नाही, तरी अवघडलेपण उरतेच. भारत सरकारने २२ व २३ एप्रिल आणि अंत्यविधीचा दिवस असा तीन दिवस राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. त्यातच २२ तारखेला पहलगामचा हल्ला झाला. मृतांत डोंबिवलीचे तिघे आणि पनवेलचे एक. ठाणे-नवी मुंबई परिसरात त्या आठवड्यात शोक एकाच समाजाचा राहिला नाही.

२६ एप्रिलला रोममध्ये अंत्यविधी झाला. पोप फ्रान्सिस यांनी आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे दफन व्हॅटिकनमध्ये न होता सांता मारिया माज्जोरे या महामंदिरात झाले आणि थडग्यावर ‘फ्रान्सिस्कस’ एवढेच कोरले गेले. त्या दिवसापासून नऊ दिवस रोममध्ये रोज शोकाची मिस्सा असते. ठाण्यातल्या पॅरिशना मात्र हे नऊ दिवस बंधनकारक नाहीत.

धर्मगुरूंचे मरण ठाण्याला नवे नाही. १३२१ च्या एप्रिलमध्ये इटलीतील तोलेंतिनोचा थॉमस हा फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिस यांच्या संघाचा) धर्मगुरू आणि त्याचे तीन सोबती येथे मारले गेले. पाठीमागे उरलेल्या जॉर्डनस या धर्मगुरूने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे ओडोरिक नावाच्या प्रवासी फ्रान्सिस्कनने त्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या.

८ मे २०२५ रोजी नवे पोप निवडले गेले आणि सतरा दिवस मोकळी राहिलेली प्रार्थनेतील जागा ‘लिओ’ या नावाने भरली.