ॲडमिट आजी-आजोबांजवळ कोण थांबते, याची नर्सिंग नोंद कशी करून घ्यावी

केस पेपरवर नातेवाईक म्हणून मोठ्या मुलाचे नाव लागते. तो असतो सुरतेला नाहीतर चाकणला. खाटेजवळ रात्रंदिवस सून असते. पेज तीच भरवते, कूस तीच बदलते, लघवी किती झाली तेही तिलाच ठाऊक. सिस्टरच्या नोंदीत मात्र ती कुठेच नसते. जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, वॉर्डातले चित्र हेच.

यासाठी छापील फॉर्म शोधत बसू नका. साध्या कागदावर वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरच्या नावे अर्ज लिहा, रुग्णाच्या फाइलला लावायला सांगा आणि आपल्या प्रतीवर सही-तारीख घ्या. ॲडमिट केले त्याच दिवशी दिलेला बरा.

सांभाळणारी व्यक्ती १८ वर्षांवरील असावी. रक्ताचे नाते हवेच असे नाही, शेजारीणही चालेल. रुग्ण शुद्धीवर असेल तर अर्जावर त्याची सही किंवा अंगठा आधी. ऑपरेशनच्या संमतीचा विषय मात्र वेगळा: समजून निर्णय घेता येत असेल तर ती सही रुग्णाचीच, मुलाचीही नाही.

अर्जात रुग्णाचे नाव, वय, आयपीडी नंबर (केस पेपरवरचा भरतीचा नंबर), दिवसा कोण आणि रात्री कोण, दोघांचे मोबाइल लिहा. आजी अहिराणीशिवाय (नंदुरबारकडे पावरीशिवाय) बोलत नसतील तर तेही लिहा. ऐकू कमी येते, चष्मा लागतो, कवळी आहे, घरी काठी घेऊन चालतात, हे सगळे येऊ द्या. म्हातारे माणूस रात्री एकाएकी बरळू लागले, सलाईन उपसू लागले, तर ते नेहमीचे की आजचे हे घरचेच सांगू शकतात. आजचे असेल तर लगेच सिस्टरला सांगा आणि वेळेसह नोंद करायला लावा. ‘वयच झालंय’ म्हणून सोडू नका. आत काहीतरी बिघडल्याची ती खूण असू शकते.

कामांची वाटणीही नोंदीत यावी. पाणी किती प्यायले, लघवी किती झाली हे तुम्ही मोजत असाल तर चार्टवर ‘नातेवाइकाने मोजले’ असे हवे. इंजेक्शन, सलाईन ही सिस्टरची कामे. नाकातल्या नळीने भरवायला सांगितले, तर आधी दाखवले आणि समोर करून घेतले अशी नोंद मागा. न शिकवता सोपवलेले काम सरळ नाकारावे. यात उद्धटपणा काही नाही.

सोबत रुग्णाचे आणि सांभाळणाऱ्याचे आधार, जुन्या चिठ्ठ्या आणि चालू गोळ्यांची पाकिटे. गोळ्या पाकिटासकटच आणा, ‘पांढरी गोल गोळी’ सांगून कुणाला काही कळत नाही. महात्मा फुले योजनेसाठी (सरकारी मोफत उपचार योजना) रेशन कार्ड. वय ७० किंवा जास्त असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड. त्याला उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात.

उपचाराच्या कागदांच्या प्रती हव्या असतील तर वेगळा अर्ज करा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यास ७२ तासांत कागद द्यावे लागतात, आणि भरती रुग्णांची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपावी लागतात. सून प्रत घ्यायला जाणार असेल तर रुग्णाचे अधिकारपत्र डिस्चार्जआधीच लिहून ठेवा.