एका सहीने देश विकला जातो का?

दर काही वर्षांनी फिरणारा मेसेज असा: 'नेत्याने परक्या देशाशी नमते घेऊन संयुक्त निवेदनावर सही केली, म्हणजे हक्क कायमचे गेले.'

नमते घेणे चूक की शहाणपणाचे, यावर वाद जरूर घालावा. पण हक्क गेले की नाही, हे कागदावर तपासता येते.

आधी मूळ मजकूर मिळवा. परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर तो बहुधा असतो. मग थेट शेवट वाचा. बंधनकारक करारात 'हा करार अमुक तारखेपासून लागू होईल', रद्द कसा करायचा, मूळ प्रती कोणत्या भाषांत, अशी कलमे सहसा असतात. 'चर्चा सुरू ठेवण्यावर सहमती' एवढेच असेल, तर तो बहुतेक वेळा राजकीय इरादा असतो. शीर्षकावर मात्र जाऊ नका. नाव 'निवेदन' असले तरी आतली भाषा बांधील करणारी असू शकते, त्यामुळे मेसेजमधली शंका अगदीच निराधार नसते.

करार असला तरी सही हा अनेकदा पहिलाच टप्पा. 1969 च्या व्हिएन्ना करारानुसार (देशांमधल्या करारांचे नियम ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार) अनुसमर्थनाची, म्हणजे सहीनंतर देशाने द्यायच्या औपचारिक मंजुरीची, अट असेल, तर ते होईपर्यंत देश पूर्णपणे बांधला जात नाही. फक्त कराराचा हेतू हाणून पाडायचा नाही, एवढे पथ्य पाळावे लागते (कलम 18). अनुसमर्थन कोणी करायचे, संसदेने की सरकारने, हे त्या-त्या देशाच्या राज्यघटनेवर, कायद्यांवर किंवा प्रथेवर ठरते. उलट, सहीनेच करार लागू होईल असे मजकुरात लिहिले असेल, तर सही पुरते (कलम 12).