टरबुजाच्या बीचा बाप

तापीकाठच्या आमच्या आजोळी वैशाखात टरबूज कापलं की आजी मधोमध एक परात ठेवायची. ज्याने त्याने बिया त्या परातीतच टाकायच्या, अंगणात थुंकायच्या नाहीत. मग त्या धुऊन सावलीत वाळवायच्या, राखेत घोळायच्या, फडक्यात पुरचुंडी बांधून माजघरातल्या खुंटीला अडकवायच्या. संक्रांत झाली की मामा ती पुरचुंडी घेऊन नदीच्या वाळूत वाडी लावायला निघायचे. दरवर्षी फळ तेच: गोल, फिकट हिरवं, आत रवाळ गुलाबी गर.

काही वर्षांपूर्वी मीही जळगावच्या बाजारातल्या एका सुरेख टरबुजाच्या बिया अशाच राखल्या. पुढच्या हंगामात चार वेल आले आणि चार तऱ्हांची फळं निघाली. एक पट्ट्यांचं, एक काळपट, दोन पार पाणचट. आजीची रीत तीच होती, मग बिघडलं कुठे?

पहिली गोष्ट म्हणजे बाजारातलं ते फळ संकरित बियाण्याचं होतं. दोन वेगळ्या वाणांच्या संकराची पहिली पिढी एकसारखी दिसते, पण तिच्या बियांतून जी दुसरी पिढी येते तिच्यात आजी-आजोबांचे गुण निरनिराळ्या जोड्यांनी बाहेर पडतात. मेंडेलने १८६६ साली वाटाण्यावरून जे मांडलं, ते माझ्या परसात टरबुजावर दिसलं. बी राखायचं तर सुरुवात सरळ वाणापासूनच, म्हणजे ज्याच्या बियांतून पुन्हा तसंच फळ येतं अशा वाणापासून करावी लागते. शुगर बेबी, असाही यामातो, बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं अर्का माणिक, राजस्थानातलं पिवळ्या गराचं दुर्गापुरा केसर हे सगळे सरळ वाण आहेत. एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरात जुनं गावरान बी अजून टिकून असेल तर त्याच्याइतकं मोलाचं काहीच नाही. आधी ते मागून घ्या.

दुसरी गोष्ट समजायला मला जास्त वेळ लागला. टरबुजाच्या एकाच वेलावर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी येतात. मादी फूल ओळखायला सोपं असतं. पाकळ्यांच्या खाली बोराएवढं, लव असलेलं इवलंसं टरबूज आधीच दिसतं. फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं, आयुष्य एवढंच. तेवढ्या वेळात मधमाशी ज्या वेलाचा पराग आणेल, तो वेल त्या फळातल्या बियांचा बाप. एका फुलावर अनेक माश्या येत असल्याने एकाच फळातल्या बियांचे बापही वेगवेगळे असू शकतात.

यात एक गैरसमज फार पसरलेला आहे. शेजारच्या वाणाचा पराग लागला तर यंदाचंच फळ बेचव होतं, असं लोक म्हणतात. तसं होत नाही. साल, गर आणि बियांचं काळं-तपकिरी टरफलसुद्धा आईच्याच पेशींपासून बनतं. बापाचा वाटा फक्त टरफलाच्या आतल्या गर्भात असतो. त्यामुळे फळ कितीही गोड आणि वाणाला धरून निघालं, तरी आतलं बी शुद्ध आहे की नाही हे जिभेला कळत नाही. ते पुढच्या वर्षी वेलावरच दिसतं.

आता आजीच्या पुरचुंडीचं कोडं उलगडतं. नदीच्या त्या पट्ट्यात सगळ्यांच्या वाड्यांमध्ये एकच टरबूज होतं. माशी कुठूनही आली तरी पराग त्याच वाणाचा आणायची. वाण शुद्ध राखण्याचं काम सगळं नदीकाठ मिळून करत होतं, आणि कुणाला त्याची जाणीवही नव्हती. पुढे तापीवर हतनूरचं धरण झालं, सारंगखेडा आणि प्रकाशाचे बॅरेज झाले, वाळू उपसली गेली आणि वाड्या आटल्या. टरबूज वावरात आलं, ठिबक आणि मल्चिंगवर, संकरित बियाण्याचं. आज घराभोवती अर्ध्या-एक किलोमीटरात टरबुजाचा दुसरा प्लॉट नाही अशी जागा मिळणं कठीण. तेवढं अंतर नसेल, तर माशीचं काम आपल्या हातांनी करावं लागतं.

काम संध्याकाळी सुरू होतं. उद्या उमलणारी कळी टोकाशी पिवळसर दिसू लागते. अशी एक मादी कळी आणि दोन-तीन नर कळ्या निवडून त्यांच्या टोकांना दोरा हलकेच गुंडाळायचा, म्हणजे पहाटे माशी आत शिरणार नाही. सकाळी सात-साडेसातला नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे सोलायच्या. आतला पिवळा पराग बोटाला लागला पाहिजे. मग मादी फुलाचा दोरा सोडून त्याच्या मधोमध असलेल्या तीन भागांच्या कुक्षीवर, म्हणजे पराग धरणाऱ्या टोकावर, तो पराग सगळीकडे फिरवायचा. एखादा भाग सुटला तर त्या बाजूला बिया धरत नाहीत आणि फळ वाकडं होतं. लगेच फूल पुन्हा बांधायचं आणि देठाला रंगीत लोकरीचा धागा अडकवायचा. हा धागा विसरू नका, महिनाभरानंतर पानांच्या गर्दीत तीच एक खूण उरते. चार-पाच दिवसांत ते इवलं टरबूज फुगू लागलं तर साधलं. पिवळं पडून गळलं तर दुसरी कळी धरा. बरीच गळतात, वेलाला पेलतील तेवढीच फळं तो ठेवतो.

नर फूल त्याच वेलाचं चालेल का? चालेल. सलग काही पिढ्या स्वतःचाच पराग दिला तर मक्याचं पीक दुबळं होतं, टरबूज मात्र फारसं खचत नाही. म्हणून गच्चीवरच्या दोन-चार वेलांवरही वाण राखता येतो. तरी शक्य असेल तर त्याच वाणाच्या पाच-सहा वेलांत पराग फिरवावा. गच्चीवर वेल जाळीवर चढवला असेल तर फळाला जुन्या ओढणीची झोळी बांधा, नाहीतर वजनाने वेल चिरतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागरीवर ठेवतो ते डांगर, म्हणजे खरबूज, शेजारी लावलं तर चालतं का, असंही विचारतात. बिनधास्त लावा. खरबूज काकडीच्या कुळीतलं, टरबुजाशी त्याचा संकर होत नाही. सांभाळायचं ते कडू वृंदावनापासून. माळावर आणि रेताड जागी आपोआप उगवणारं ते छोटं फळ टरबुजाचं जवळचं नातलग आहे, दोघांचा संकर होतो, आणि पुढच्या पिढीत कडूपणाच वरचढ ठरतो. घरच्या बियांचं फळ कडू लागलं तर एक फोडही खाऊ नका. त्यातली कडू द्रव्यं पोट बिघडवतात, जास्त पोटात गेली तर विषारी ठरतात. तो वेल उपटून टाका, त्याचं बी ठेवू नका.

फळ तयार झाल्याची खूण आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. देठाजवळची बाळी, म्हणजे वेलाचा वळलेला तंतू, सुकते, जमिनीला टेकलेला पांढरा डाग पिवळा होतो, टिचकी मारली तर डबडब वाजतं. काकडीचं बी हवं तर काकडी पिकून पिवळी होऊ द्यावी लागते. टरबुजाचं बी मात्र फळ खाण्याजोगं होतं तेव्हाच तयार असतं. फळ खायलाही मिळतं आणि बीही. तोडल्यावर आठवडाभर सावलीत ठेवून कापलं तर बी आणखी भरतं. बिया चाळणीत चोळून धुवा, गराचा चिकटपणा राहिला तर बुरशी धरते.

खानदेशात खरी चूक होते ती यानंतर, वाळवताना. भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांना टेकतो आणि पत्रा तर त्याहून कितीतरी तापतो. कुरडया-पापड वाळवायची सवय असल्याने बियाही आपण गच्चीवर टाकतो. ओलं बी पस्तीस-चाळीस अंशांच्या वर तापलं की आतला गर्भ मरण्याचा धोका असतो, आणि वरून बी तसंच टवटवीत दिसत राहतं. बी वाळवायला आपल्याकडे उन्हाची गरजच नाही. उन्हाळ्यात हवाच इतकी कोरडी असते की घरातल्या ताटात, पंख्याखाली, आठवड्याभरात बी वाळतं. कागदावर नको, चिकटतं. बी वाकवलं तर वाकता कामा नये, कट्‌कन मोडलं पाहिजे.

बियाण्यांच्या साठवणीत हॅरिंग्टन या शास्त्रज्ञाचा एक ढोबळ नियम वापरतात. बियातला ओलावा १ टक्क्याने उतरला की आयुष्य दुप्पट, तापमान ५ अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. ४२ अंशांच्या खोलीतली बरणी ७ अंशांच्या फ्रिजमध्ये गेली तर सात वेळा दुप्पट, म्हणजे कागदावर १२८ पट. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक पेढीत बियाणं उणे १८ अंशांवर ठेवतात ते याच कारणाने. आजीची राख ओलावा शोषण्याचंच काम करायची. आपण काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलची पुडी टाकतो, एवढाच फरक. बरणी जूनचा पहिला पाऊस पडायच्या आत बंद व्हायला हवी, कारण वाळलेलं बी दमट हवेतला ओलावा परत ओढून घेतं. फ्रिजमधून काढल्यावर बरणी तासभर तशीच ठेवून मग उघडा, नाहीतर थंड बियांवर दव धरतं. चिठ्ठीवर वाणाचं नाव, साल आणि पराग हाताने दिला होता की नाही, हे लिहा.

संक्रांतीनंतर दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवा. आठवड्याभरात आठ-नऊ मोडांवर आल्या तर बी चांगलं आहे. लावणीची मात्र घाई नको. आपल्याकडे जानेवारीत रात्री दहा अंशांच्याही खाली जातात, आणि थंड मातीत टरबुजाचं बी उगवण्याऐवजी कुजतं. थंडी उतरली, आळ्यातली माती सकाळीही बोटाला गार लागेनाशी झाली, की बी टोकायचं.