केशराचे भाऊबंद आणि एक तोतया

आई सांगलीहून आमच्याकडे इंग्लंडला पहिल्यांदा आली ती सप्टेंबरात. तिसऱ्या दिवशी सकाळी फिरून परतताना कोपऱ्यावरच्या हिरवळीत जांभळट फुलं उभी दिसली. पान एक नाही. कुणीतरी नुसती फुलं मातीत खोचून ठेवावीत तशी. आई लगेच वाकली.

"अगं, हे तर केशर! कोजागिरीच्या दुधाला होईल की गं."

"आई, तोडू नकोस. आधी आतले पुंकेसर मोज."

सहा निघाले. म्हणजे ते केशर नव्हतं, केशराचा तोतया होता.

या तोतयाचं शास्त्रीय नाव कॉल्चिकम. इंग्रज लोक त्याला खुशाल 'शरदातला क्रोकस' म्हणतात आणि सगळ्या घोटाळ्याचं मूळ तिथेच आहे. केशर देणारा क्रोकस हा आयरिसच्या कुळातला, त्यात पुंकेसर तीनच. कॉल्चिकमचं कुळच वेगळं, त्यात पुंकेसर सहा. आणखी एक खूण आहे. क्रोकसच्या फुलात मधोमध एकच काडी वर येते आणि टोकाला फुटते; कॉल्चिकममध्ये तीन काड्या थेट तळापासून वेगळ्या असतात. कंद हातात आला तर प्रश्नच मिटतो, क्रोकसचा कंद सुपारीएवढा आणि कॉल्चिकमचा चांगला कांद्याएवढा. या कंदाला मातीही लागत नाही, खिडकीत कोरडा ठेवला तरी तो फुलतो.

आणि तो विषारी आहे. त्यातलं कॉल्चिसीन पेशींच्या विभाजनाची यंत्रणाच बंद पाडतं. अगदी बारीक मात्रेत ते गाउटवर, म्हणजे युरिक अॅसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीवर, औषध म्हणून दिलं जातं. जास्त झालं तर जीव जातो. फुलं शरदात येतात, पण रुंद पानं पुढच्या वसंतात. युरोपात रानलसूण समजून ती पानं खाल्ल्याने माणसं दगावली आहेत.

आईला हे सगळं लांबचं वाटलं, म्हणून मी तिच्या ओळखीतलं उदाहरण दिलं. पावसाळ्यात सह्याद्रीत कुंपणांवर चढणारी लाल-पिवळी कळलावी याच कॉल्चिकमच्या कुळातली, आणि तिच्यातही कॉल्चिसीन असतं. मागे वळलेल्या पाकळ्यांखाली चाकाच्या आऱ्यांसारखे पसरलेले पुंकेसर मोजा, सहाच भरतील. "म्हणजे ही गोरी कळलावी," आई म्हणाली. याहून चांगली व्याख्या मला अजून सुचलेली नाही.

आता खऱ्या क्रोकसकडे. पोर्तुगालपासून पश्चिम चीनपर्यंत पसरलेल्या या प्रजातीत शंभराच्या वर जाती आहेत. पुष्कळ वसंतात फुलतात, पण बऱ्याच शरदातही. भूमध्य समुद्राभोवती उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो आणि पाऊस शरदात सुरू होतो, त्यामुळे तिथे शरद म्हणजे आपला मृगाचा महिना समजा. उन्हाळाभर कंद जमिनीत झोपलेला दिसतो, पण फुलाची तयारी आत तेव्हाच चाललेली असते. बाहेर डोकावणारं फूल म्हणजे निव्वळ लांब नळी आणि पाकळ्या; अंडाशय खाली जमिनीत सुरक्षित असतं. बी धरलेलं बोंड पुढे वसंताच्या सुमारास वर ढकललं जातं.

जाती ओळखायला निघालेला माणूस पहिली चूक करतो ती रंग बघण्याची. जांभळा, फिका जांभळा, पांढरा हे रंग एकाच जातीत सापडतात. बघायचं ते फुलाच्या घशात. क्रोकस कोत्शियानसच्या प्रत्येक पाकळीच्या तळाशी दोन पिवळे ठिपके असतात, हळदीचं बोट दोनदा टेकवल्यासारखे, आणि परागकोश पांढुरके. (पाकिटावर 'झोनॅटस' लिहिलेलं दिसलं तरी गोंधळू नका, ते याचंच जुनं नाव.) क्रोकस स्पेसिओससमध्ये परागकोश पिवळे आणि मधली काडी टोकाला पिंजून नारिंगी झालेली. त्याचा जवळचा नातलग पुल्केलस तसाच दिसतो, फक्त घसा पिवळा आणि परागकोश पांढरे. तूर्नफोर्टीची खोड निराळी: बाकीचे क्रोकस संध्याकाळी मिटतात, हा रात्रीही उघडाच.

माझा लाडका मात्र रोमानियाकडचा बानाटिकस. त्याच्या आतल्या तीन पाकळ्या बाहेरच्यांपेक्षा इतक्या लहान की लांबून आयरिसच वाटतो. क्रोकसच्या पानावर मधोमध पांढरी रेघ असते, ही प्रजातीची सही समजली जाते. बानाटिकसने तीही केलेली नाही.

एवढं करूनही अडलं तर कंद उकरून त्याची साल बघावी लागते. कुठे ती बारीक तंतूंची जाळी, कुठे तळाशी बांगड्यांसारखी कडी सुटणारी. जाणकार फुलापेक्षा या सालीवर जास्त विश्वास ठेवतात. पण फुललेला कंद उकरायला जीव होत नाही, म्हणून लावतानाच सालीचा फोटो काढून ठेवणं उत्तम. हे मला तीन वर्षं उशिरा सुचलं.

या सगळ्या गोतावळ्यात केशर म्हणजे क्रोकस सटायव्हस. शाळेतल्या 'पुंकेसर' आणि 'स्त्रीकेसर' या शब्दांनी थोडी गल्लत होते, म्हणून सांगते: पुंकेसराचा केशराशी काही संबंध नाही. केशर म्हणजे स्त्रीकेसराची तीन फाकलेली लाल टोकं. एका फुलाला तीन, आणि किलोभर सुक्या केशराला साधारण दीड लाख फुलं लागतात.

गंमत अशी की हे झाड रानात कुठेच सापडत नाही. त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच आहेत, एकूण 24. तिघांच्या जोड्या लागत नाहीत, म्हणून बी धरत नाही. बिनबियांचं कलिंगडही असंच तीन संचांचं असतं, पण ते माणसाने घडवलं. त्यासाठी आधी गुणसूत्रं दुप्पट करावी लागली आणि ते काम केलं कॉल्चिसीनने. तोतयाचा असाही उपयोग. केशराचे तीन संच मात्र कुठल्याही प्रयोगशाळेविना घडले. 2019 मध्ये आलेल्या जनुकीय अभ्यासांनुसार त्याचा पूर्वज ग्रीसमधला रानटी क्रोकस कार्टराइटियानस, आणि जन्मगाव बहुधा अथेन्सच्या आसपासचा अॅटिका प्रांत. तेव्हापासून आजतागायत माणसाने कंद फोडून लावला तेव्हाच केशर पुढे गेलं. सँटोरिनी बेटावर ज्वालामुखीच्या राखेत साडेतीन हजार वर्षांहून जास्त काळ गाडलेल्या भित्तिचित्रांत केशर खुडणाऱ्या बायका आहेत, आणि पांपोरच्या करेवा, म्हणजे उंच पठारी, जमिनीवर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहाटे काश्मिरी बायका आजही तशाच वाकून फुलं वेचतात. काश्मीरच्या केशराला 2020 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे कंदांचा मोठा शत्रू साळिंदर. माझ्याकडे ते काम खारी करतात.

लावायचं असेल तर झाडाचं पंचांग समजून घ्या. उन्हाळ्यात कंदाला 23 ते 27 अंश सेल्सिअसची ऊब मिळाली तर आत कळ्या तयार होतात. मग हवा 17 अंशांच्या आसपास उतरली की फूल बाहेर येतं. कंद निजलेला असताना पाणी साचलं तर तो कुजतो. आपल्याकडे नेमकी तेव्हाच धो धो पावसाची वेळ, म्हणून महाराष्ट्रात केशर करणारे ते बंद खोलीत, थंड हवेच्या यंत्रावर करतात. तिथे फूल मातीविना ट्रेमध्येही येतं. पण खरा खर्च पुढे आहे. जुना कंद दरवर्षी संपतो आणि त्याच्या डोक्यावर नवे पोसले जातात, त्यांना पोसायला हिवाळाभर हिरवी पानं, माती आणि भरपूर उजेड लागतो. नीट पोसले नाहीत तर कंद लहान राहतात, आणि साधारण आठ ग्रॅमच्या आतला कंद फुलत नाही. 'एकदा कंद घ्या, आयुष्यभर केशर' असं सांगणाऱ्याला त्याच्या तिसऱ्या वर्षाच्या कंदाचं वजन विचारावं.

मी कुंडीत निम्मी खडी, निम्मी माती घालून, वर उंदीर-खारींसाठी जाळी ठेवून, चार बोटं खोल दहा कंद लावले. आई जायच्या आदल्या आठवड्यात गवतासारखी बारीक पानं वर आली, मधोमध पांढरी रेघ असलेली. पहिलं फूल उघडलं तेव्हा तिने चष्मा लावून आत पाहिलं, बोटावर मोजलं आणि "तीनच" म्हणून सांगितलं. एकूण तीन फुलं आली, नऊ काड्या निघाल्या. कोजागिरी तोवर उलटून गेली होती.