पोंगल

पोंगल : तमिळ लोकांचा सुगीचा मुख्य सण. सौर ‘तै’ महिन्याच्या पहिल्या दिवशी, बहुधा १४ किंवा १५ जानेवारीस, येतो. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील सांबा (भाताच्या मुख्य) हंगामाचे पीक याच सुमारास कापले जाते. ‘पोंगु’ (उतू जाणे) या धातूवरून नाव पडले. सणाला आणि त्या दिवशी रांधलेल्या भाताला एकच शब्द आहे.

सणाच्या प्राचीनत्वाबद्दल मतभेद आहेत. संघम् वाङ्मयात (प्राचीन तमिळ साहित्यात) आढळणारे ‘तै नीराडल्’ हे कुमारिकांचे स्नानव्रत पोंगलचे पूर्वरूप होय, असे काही अभ्यासक मानतात. मात्र त्या उल्लेखांचा भर स्नान व व्रत यांवर आहे. नव्या तांदळाच्या नैवेद्याशी त्यांचा सांधा जुळवणे अवघड जाते. त्यामानाने चोळकालीन दाखला भरवशाचा वाटतो. तिरुवळ्ळूरच्या वीरराघव मंदिरातील एका शिलालेखात पोंगलसाठी दिलेल्या भूदानाची नोंद असून तो सामान्यतः चोळ राजा पहिल्या कुलोत्तुंगाच्या काळातील (अकराव्या शतकाची अखेर ते बाराव्याचा आरंभ) समजतात. अर्थात मंदिरातील उत्सवावरून शेतकऱ्याच्या अंगणातल्या चुलीचा इतिहास ठरत नाही; ती प्रथा याहून जुनी असू शकेल.

आदल्या दिवशी भोगी. महाराष्ट्रातही हेच नाव आहे, पण इथे तीळ लावलेली बाजरीची भाकरी, तर तिथे पहाटे जुन्यापान्या वस्तूंची होळी. मुख्य दिवशी कोलम (रांगोळी) काढलेल्या अंगणात, गळ्याशी हळदीचे ओले रोप बांधलेल्या मडक्यात दूध तापवतात. ते उतू जाताच ‘पोंगलो पोंगल’ असा घोष होतो. मग नवा तांदूळ, मूगडाळ व गूळ घालून शिजवलेला भात सूर्याला दाखवतात. तिसरा दिवस माट्टु पोंगल, गुराढोरांचा. आपल्याकडच्या बेंदूर-पोळ्याच्या जातीचा. उधळलेल्या बैलाला धरण्याचे जल्लिकट्टूचे खेळ याच दिवसांत होतात. मदुराई जिल्ह्यातील अलंगानल्लूर व पालमेडु ही त्यांची ख्यातनाम गावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या खेळावर बंदी घातली. २०१७ च्या जानेवारीत चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर मोठे आंदोलन झाल्यावर तमिळनाडू राज्याने कायदा बदलला आणि २०२३ मध्ये न्यायालयाने तो वैध ठरवला. चौथा दिवस काणुम् पोंगल, आप्तेष्टांच्या भेटीगाठींचा.

तै महिन्याची पहिली तारीख हेच तमिळ वर्षारंभाचे खरे स्थान, असा आग्रह धरणारा एक पक्ष आहे. २००८ मध्ये राज्य सरकारने तसा कायदा केला, २०११ मध्ये पुढच्या सरकारने तो रद्द केला. श्रीलंका, मलेशिया व सिंगापूर येथील तमिळ समाजही हा सण पाळतो.